अब्बांचा कागदी गहू

अब्बांनी आयुष्यभर जे जे केलं ते सगळं पाण्यात गेलं. हे मी चिडून म्हणत नाही. म्हणजे आता चिडून म्हणत नाही. ते ताजिये करायचे. बांबूच्या कमच्यांचा सांगाडा आणि त्यावर कागदाचे मनोरे, घुमट, कमानी, जाळ्या, वेली. मोहरम जवळ आला की आमचं बल्लारपूरचं घर त्या एका ताजियानं भरून जायचं आणि आम्ही माणसं कडेकडेनं, अंग चोरून वावरायचो. मग मिरवणूक निघायची आणि शेवटी ताजिया वर्धा नदीवर नेऊन ठंडा करायचा. ठंडा करायचा म्हणजे पाण्यात सोडायचा. पोरीबाळी घरी थांबायच्या आणि पुरुष हात हलवत परत यायचे.

त्यानंतरची रिकामी खोली मला अजून आठवते. फरशीवर कागदाच्या कपच्या, खळीचे वाळलेले डाग, आणि एवढी मोठी जागा की आपला आवाज आपल्यालाच परका वाटायचा. एखादा मनोरा तरी ठेवा, असं कधी कोणी म्हणालं नाही. मीही नाही. आमच्या घरात तो प्रश्नच नव्हता, जसं जेवल्यावर भाताचं काय झालं हे कोणी विचारत नाही.

पुढं अब्बांचे हात थरथरायला लागले. आधी चहा बशीत सांडायचा, मग शर्टाची बटणं माझ्याकडे आली. मोहल्ल्यातल्या पोरांनी थर्माकोलचा ताजिया केला, त्यात लाइटिंग सोडलं, आणि अब्बा लांबून बघून ‘चांगला झाला’ म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी कागदाला हात लावला नाही. स्टेशनच्या रस्त्यावर माझं स्टेशनरी आणि झेरॉक्सचं छोटंसं दुकान आहे. तिथं स्टुलावर बसून ते रस्ता बघत राहायचे. पाठीमागे कागदाचे गठ्ठेच्या गठ्ठे, आणि माणूस त्यांच्याकडे पाठ करून बसलेला. मला ते बघवायचं नाही.

आणि एक गोष्ट मनात घर करून बसली. उद्या अब्बा नसतील तेव्हा मी काय दाखवणार? लोकांच्या घरी वडिलांनी केलेली खुर्ची असते, विहीर असते, निदान भिंतीवर ठोकलेला खिळा असतो. माझ्याकडे काहीच नव्हतं. त्यांच्या हातची एक तरी वस्तू या जगात राहावी, एवढंच मला हवं होतं. ते मी कोणाला बोलून दाखवलं नाही, पण झोपेतसुद्धा ते माझ्यासोबत असायचं.

फेब्रुवारीच्या शेवटी चर्चमधल्या सिस्टर दुकानात आल्या. मूळच्या केरळच्या, पण इतकी वर्षं इकडे काढलेली की ‘मले-तुले’ आमच्यापेक्षा झोकात बोलायच्या. त्यांना ईस्टरच्या सजावटीसाठी पांढरी जाड कार्डशीटं हवी होती. स्टुलावर बसलेल्या अब्बांकडे बघून म्हणाल्या, “चाचा, तुम्ही ताजिया करत होते ना? म्या एकदा पाह्यला होता. आमच्यासाठी कागदाचं काई करून द्याल का?”

अब्बा हसले फक्त. मग सिस्टर सहज बोलून गेल्या, “आमच्या इथी सगळं जपून ठेवतेत. आधीच्या फादरच्या वेळचा नाताळचा तारा अजून पेटीत हाय.”

जपून ठेवतात! मी कात्री खाली ठेवली. अब्बा तोंड उघडायच्या आत मी हो म्हणून मोकळी झाले.

घरी गेल्यावर अब्बांनी मला फैलावर घेतलं. तसे ते घरात आमची हिंदी बोलतात, पण कागदाचा विषय निघाला की नागभीडची मराठी तोंडात येते. लहानपण तिकडं गेलं ना, धानाच्या, म्हणजे भाताच्या, बांधांवर. कागदाचं काम शिकले तेही तिथंच, त्यांच्या वडिलांच्या हाताखाली.

“कोणाले इचारून कबूल केलं? हात पाह्यले का माहे?”

“पाहिले. मी धरीन.”

“काय धरशील?”

“हात.”

 दुसऱ्या दिवशी सिस्टर पुन्हा आल्या तेव्हा अब्बा स्टूल रस्त्याकडून वळवून आत तोंड करून बसले होते.

सिस्टरांनी मोबाइलवर चित्रं दाखवली. त्यांना कोकरू हवं होतं, खांद्यावर झेंडा घेतलेलं. ते नाही तर वरून उतरणारं कबुतर. अब्बांनी नकारार्थी मान हलवली. जीव असलेली वस्तू ते करत नाहीत. त्यांचे वडील करत नव्हते, म्हणून तेही करत नाहीत. यात सिस्टरांचा काही अपमान नव्हता आणि सिस्टरांनीही तो मानला नाही.

“मंग काय करता, चाचा?”

“पान, फूल, फळ. दिवा. इमारत सांगा, करून देतो.”

सिस्टरांनी बराच वेळ बोट फिरवत चित्रं शोधली. मग एका कार्डावर त्या थांबल्या. गव्हाची पेंढी आणि तिच्या पायाशी द्राक्षांचा घड. गव्हाची भाकर आणि द्राक्षाचा रस, त्यांच्या प्रार्थनेतल्या या सगळ्यांत मोठ्या दोन गोष्टी, असं त्यांनी समजावून सांगितलं. अब्बांनी मोबाइल नाकापाशी नेऊन चित्र बघितलं. “होईल,” म्हणाले.

मग सुरू झाल्या त्या दुपारी. आयुष्यात मला तशा दुपारी पुन्हा मिळायच्या नाहीत.

आमच्याकडे मार्चमध्येच ऊन असं पेटतं की बारानंतर रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. मी दुकानाचं शटर अर्धं ओढून घ्यायची. समोर हिरवी जाळी बांधलेली, तिच्यातून उजेड गाळून आत यायचा आणि पांढऱ्या कागदावर पडला की कागद आतून उजळल्यासारखा दिसायचा. कूलर घरघरत असायचा. कागदाच्या कारखान्याकडून भिजलेल्या बांबूचा तो आमच्या गावचा वास यायचा, आणि पलीकडच्या आवारातलं मोहाचं झाड फुललं होतं, त्याचा गोड दर्प त्यात मिसळायचा. मोहाच्या वासानं डोकं जड होतं. अर्धं जागं आणि अर्धं कुठंतरी, अशी मी बसलेली असायची.

अब्बा कात्री धरायचे आणि मी त्यांचं मनगट. घट्ट नाही धरायचं, हे मला लवकर कळलं. घट्ट धरलं की हात आणखी थरथरायचा. नुसता तळवा टेकवून ठेवायचा, मग थरथर हळूहळू माझ्या हातात उतरायची आणि त्यांची कात्री सरळ चालायची. कागदाचं एक पातं कापून झालं की ते बोथट सुईनं मधोमध रेघ ओढायचे. रेघ ओढल्यावर कागद आपोआप दुमडायला तयार होतो. मग चमच्याच्या पाठीनं घासून त्याला पोट आणायचे, आणि चपटा तुकडा बघता बघता दाणा व्हायचा. फुगीर, खाली सावली धरणारा दाणा.  बाहेरून एखादी मालगाडी लांबत लांबत जायची.

द्राक्षं त्यांनी काचेच्या गोट्यांवर केली. ओल्या कागदाचे थर गोटीवर चढवायचे, वाळले की कापून गोटी काढून घ्यायची आणि दोन वाट्या पुन्हा जोडायच्या. वाळत घातलेली ती द्राक्षं काउंटरभर पसरलेली असायची. कूलरचा वारा लागला की हळूच इकडून तिकडं सरकायची. कोणी झेरॉक्सला आलं तर मी म्हणायची, हात लावू नका, द्राक्षं कच्ची आहेत. लोक माझ्याकडे बघायचे.

भांडण झालं ते खळीवरून. अब्बा मैद्याची साधी खळ शिजवायला सांगत. मी म्हटलं, त्यात मोरचूद घालते. मोरचूद घातलं की झुरळं, कसर, वाळवी काही लागत नाही, दुकानातल्या वह्या मी तशाच टिकवते.

“जहर काऊन घालतं?” अब्बा म्हणाले. “मासोळ्या खाऊन मरतीन ना.”

 म्हणजे हे सगळं नदीत जाणार असं त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

“अब्बा, हे चर्चचं आहे. ते लोक ठेवतात.”

“ठेवू दे ना. सण होयेपर्यंत ठेवतीनच.”

“तसं नाही, कायमचं ठेवतात.”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी म्हटलं असावं की ते लोक जेवतात पण आंचवत नाहीत. “देवाच्या नावानं केलेली चीज कोणी घरात कोंडून ठेवते का?” असं म्हणून ते पुन्हा दाण्याला पोट आणायला लागले. खळ साधीच शिजली. मी भांडं आदळलं, पण ती साधीच शिजली.

एका दुपारी माझा डोळा लागला, हात त्यांच्या मनगटावर तसाच. स्वप्न म्हणावं की काय, कळत नाही, कारण कात्रीचा आवाज मला पूर्ण वेळ ऐकू येत होता. दुकानाच्या भिंती मागं सरकल्या आणि सगळीकडे पांढरं धान उभं होतं, कागदाचं, कमरेइतकं. वारा आला की सळसळत होतं. बांधावर अब्बा चालत होते आणि त्यांचे हात स्थिर होते. मी हाक मारली नाही. हाक मारली तर ते वळतील आणि हात पुन्हा थरथरतील, अशी भीती वाटली. जागी झाले तेव्हा गालावर काउंटरच्या कडेचा वळ उठला होता आणि समोर पेंढी जवळजवळ पुरी झाली होती.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. गव्हाची ओंबी ताठ असते, वर कुसळं काढून उभी. अब्बांची प्रत्येक ओंबी मान खाली घालून वाकलेली होती. नीट गोल वळण घेऊन, दाण्यांच्या भारानं. त्यांनी गहू म्हणून पेंढीभर धान केलं होतं.

“अब्बा, हे धान झालं. गहू ताठ असतो. चित्रात बघा.”

“ताठ राह्यते ते पोचट राह्यते,” अब्बा म्हणाले. “दाना भरला का झुकतेच.”

“ते धानाचं! गव्हाचं नाही.”

“दानाच हाय ना?”

 पेंढी पुन्हा करायला ना दिवस उरले होते ना हात. मी घाबरतच सिस्टरांना बोलावलं. त्यांनी पेंढीभोवती एक फेरी मारली, एका लोंबीखाली बोट धरलं आणि त्यांचा चेहरा एकदम लहान मुलीचा झाला. “हे तं आमच्या गावचं हाय,” त्या म्हणाल्या. “माह्या बापाच्या शेतातलं.” मग इकडं तिकडं बघून हळूच, “फादरले नका सांगू. त्याहिले समजत नाई.”

ईस्टरच्या सकाळी मी चर्चमध्ये जाऊन शेवटच्या बाकावर बसले. वेदीच्या बाजूला उंच स्टँडवर पेंढी ठेवली होती. खिडकीतून ऊन आत येत होतं आणि जसजसं ते सरकत होतं तसतशी त्या पांढऱ्यावरची सावली बदलत होती. आधी लोंब्या निळसर दिसल्या, मग दुधाळ, मग थोडा वेळ अगदी पिवळ्या, कापणीच्या दिवसातल्या. रंग तर एकही नव्हता. लोक गात होते. मला गाणं येत नव्हतं, मी नुसती बघत बसले आणि मला फार म्हणजे फार आनंद झाला. एकदाचं राहिलं, असं वाटलं. परतताना सिस्टरांनी सांगितलं की सुताराकडे काचेची पेटी करायला टाकली आहे.

घरी अब्बांनी विचारलं, “आनाले कधी जायचं?”

“बघू,” मी म्हटलं.

त्यांनी आणखी दोनचारदा विचारलं आणि मी तितक्यांदा ‘बघू’ म्हटलं. मग एका सकाळी अब्बा अंघोळ करून, पांढरा कुरता घालून, कानात अत्तराचा फाया ठेवून दारात उभे. कुरत्याची बटणं चुकीच्या काजात घातलेली होती, म्हणजे मला न विचारता घातलेली. मी मुकाट्यानं ऑटो बोलावला.

पेटी आलेली होती. पेंढी आत होती, काच लखलखीत, कडेला सागवानी पट्ट्या. अब्बा समोर उभे राहिले. काचेत त्यांना आधी स्वतःचाच चेहरा दिसला असणार.

“याले बंद काऊन केलं?”

“खराब नाई व्हाव म्हणून, चाचा,” सिस्टर म्हणाल्या.

“पन सण झाला ना, सिस्टरबाई? आता याले जाऊ द्याले पाह्यजे. म्या ठंडं कराले आलो.”

सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी मानेनंच नाही म्हटलं, डोळे मोठे करून नाही म्हटलं.  अब्बा हात पुढं करून उभे होते आणि ते हात थरथरत होते, आणि त्या थरथरीकडे बघत सिस्टर म्हणाल्या, “आमच्या इथी बी तेच झालं होतं, चाचा. तिसऱ्या दिवशी बाया प्रभूच्या कबरीवर गेल्या तं आतमंधी कोनी नाई. नुसतं कापड.” आणि त्यांनी पेटीची कडी काढली.

मला सिस्टरांचा इतका राग आला की बोलताना आवाज फाटला. “तुम्ही ठेवतो म्हणाला होता!” मग अब्बांकडे वळले. “आजपर्यंत सगळं दिलं ना पाण्याला? एक तरी राहू द्या, अब्बा. एक!”

“कोनासाठी?”

“माझ्यासाठी.”

 अब्बांना खरंच माहीत नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

“तुले पाह्यजे होतं तं मले सांगतलं काऊन नाई?” ते म्हणाले. “तुह्या नावानं केलं असतं. हे त्याच्या नावानं केलं, हे तुले कसं देऊ मी?”

“मग आता करून द्या.”

त्यांनी हात वर करून माझ्यासमोर धरले. रागानं नाही. फक्त मला दिसावेत म्हणून. मी रडले, तिथंच, सिस्टरांच्या देखत.

आम्ही तिघंही नदीवर गेलो. सिस्टर ऑटोत पेंढी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. उन्हाळ्यात वर्धा नदी पार आत सरकते, लांबवर वाळू तुडवावी लागते. गावच्या जुन्या किल्ल्याच्या बाजूला एका जागी पाणी कमरेएवढं होतं, हिरवं, शांत, आणि इतकं चकाकत होतं की पलीकडचा काठ असल्यासारखा आणि नसल्यासारखा वाटत होता. अब्बा घोट्याभर पाण्यात थांबले. ओठातल्या ओठात काही म्हणाले. मग म्हणाले, “तू सोड. माह्यानं पडंल.”

आमच्यात बाया कधी ठंडं करायला जात नाहीत. मी पहिल्यांदाच त्या पाण्यात उतरत होते. पेंढी छातीशी घेऊन आत गेले, ती पाण्यावर टेकवली आणि तशीच धरून उभी राहिले. साधी खळ, ती कितीशी धरणार? आधी द्राक्षं सुटली आणि एकेक करून तरंगत निघाली. मग लोंब्यांचं वळण उलगडायला लागलं, दाणे मऊ झाले, माझ्या बोटांमधून निसटले. मी बोटं आवळली. जेवढी आवळली तेवढा कागद लापशीसारखा होत गेला. शेवटी मुठीत पाणी उरलं आणि देठातली बांबूची एक काडी, तरी मी मूठ उघडेना. सिस्टर काठावरून हाक मारत होत्या.

अब्बा कुरत्यासकट आत आले, माझ्या शेजारी उभे राहिले.

“माह्या बापाचा आखरी ताजिया म्या बी सोडला नोता,” ते म्हणाले. “असाच धरून होतो. लोकायनं एकेक बोट उघडून सोडवला.”

हे त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं. मी नाक ओढत विचारलं, “मग?”

“मंग काय. पुढल्या साली मीच बसलो कराले.”